गळतीची रजा

सोमवारी सकाळी सव्वानऊला प्रमुखताईंनी ऑफिसात फोन करून सांगितलं, की घरी स्वयंपाकघरात पाण्याची गळती लागली आहे, तेव्हा आठ दिवस रजा हवी.

"आठ दिवस?" पलीकडून अधीक्षकबाई म्हणाल्या.

"मोठी आहे हो."

"अगंबाई! घ्या, घ्या रजा. आमचे हे नेहमी म्हणतात, पाण्याचं काम अर्धवट सोडू नये. इकडची काळजी करू नका."

फोन ठेवून ताई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे कसलीही गळती नव्हती. नळ नवा, भिंती कोरड्या, ओट्याखालचं कपाटही खडखडीत कोरडं. ओट्यावर एक कप उपडा घातलेला होता. तो शुक्रवारी सकाळी मास्तरीणबाईंनी धुऊन ठेवला होता. त्यानंतर तासाभरात त्यांच्या छातीत कळ आली आणि दुपारी तीन वाजता त्या गेल्या.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेत गणित शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, आणि प्रमुखताईंबरोबर बावीस वर्षं एका घरात संसार केलेल्या बाई. शेजारीपाजारी दोघींना मावसबहिणी समजत. समजत म्हणजे काय, दोघींनीच तसं सांगितलं होतं. शाळेतली नोकरी, खरं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. "माझी शाळा सुटू दे, मग सांगू सगळ्यांना," असं मास्तरीणबाई म्हणायच्या. शाळा सुटली. पण तोवर लपवायची सवय इतकी अंगवळणी पडली होती, की 'पुढच्या महिन्यात सांगू', 'पुढच्या वर्षी सांगू' करता करता ज्याच्याबद्दल सांगायचं ते माणूसच निघून गेलं.

हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, "पेशंट तुमच्या कोण?" ताई सवयीने म्हणाल्या, "मावसबहीण." त्यावर ती मुलगी म्हणाली, "मग जवळचं कुणी असेल तर बोलवून घ्या ना." ताईंनी मास्तरीणबाईंच्या भाच्याला फोन केला. तो दोन तासांच्या अंतरावर राहायचा. तो येईपर्यंत ताई काचेच्या दाराबाहेर बाकावर बसून होत्या, आणि तो आला तेव्हा आत जाऊन भेटण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंत्यविधीला तर एक खरीखुरी मावसबहीण हजर झाली. ताईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळत तिने विचारलं, "तुम्ही आमच्या कुठल्या मावशीच्या?" ताईंनी "जरा लांबची" म्हणून वेळ मारून नेली आणि त्या मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

आता तुम्हाला वाटेल, ताई कुठल्यातरी जुन्या वळणाच्या, सोवळ्या ऑफिसात नोकरीला असतील, म्हणून बिचारीला गळतीची थाप मारावी लागली. तर तसं मुळीच नाही. ताईंची संस्था समलिंगी, ट्रान्स आणि 'माझं अजून ठरलेलं नाही' म्हणणाऱ्या तरुण मुलामुलींसाठीच काम करायची. घरच्यांनी बाहेर काढलेल्यांना निवारा, हेल्पलाइन, समुपदेशन, असं सगळं. आणि ताईंचं पद होतं समावेश आणि कार्यसंस्कृती प्रमुख. म्हणजे या ऑफिसात कुणालाही स्वतःबद्दल काही लपवावं लागू नये, हे बघणं हेच ताईंचं काम. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, पण इथे दिवा आणि अंधार एकाच खुर्चीत बसत होते.

याला कारण पहिल्या दिवशीची एक बारीकशी चूक. अकरा वर्षांपूर्वी ताई टायरच्या कारखान्यातली नोकरी सोडून मुलाखतीला आल्या, तेव्हा संस्थेचे संचालक खूश होऊन म्हणाले, "वा! आपल्यातली नसूनही इतकी समज असलेली माणसं विरळा." ताईंना तिथेच म्हणायला हवं होतं, की अहो, मी तुमच्यातलीच. पण शाळा आठवली आणि त्या नुसत्या हसल्या. आता पहिल्या दिवशी कुणी आपल्याला चुकीच्या नावाने हाक मारली आणि आपण ओ दिली, की सहा महिन्यांनी 'हे माझं नाव नाही' असं सांगता येत नाही, तसं झालं. तिसऱ्या वर्षी तर संस्थेने त्यांना 'उत्तम मित्र' असं छापलेला मग बक्षीस दिला. बाहेरचे असून साथ देणाऱ्यांसाठी ठेवलेलं बक्षीस होतं ते. खरं सांगायचं तर आधी तो मग परत करावा लागणार होता. घरी मास्तरीणबाई त्यात पेन्सिली ठेवायच्या.

रजेच्या फॉर्मची गोष्टही तशीच. त्यात पूर्वी 'मृत व्यक्तीशी नातं' असा एक रकाना होता. तो ताईंनीच तीन बैठका भांडून काढून टाकला होता. "आपलं माणूस गेलं तर ते आपलं कोण लागत होतं, हे कुणी का सिद्ध करायचं?" असं त्या तावातावाने म्हणाल्या होत्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा सोमवारी ताईंनी फोनवर नुसत्या तारखा सांगितल्या असत्या तरी चाललं असतं. कुणी कारण विचारलंच नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. न विचारता त्यांनी गळती सांगितली, आणि एकदा सांगितल्यावर ती वाढणं भागच होतं.

मंगळवारी हेल्पलाइनच्या प्रमुखाचा फोन आला. या गृहस्थाला ऑफिसात सगळे 'आवाज' म्हणत, कारण देवाने त्याला शरीर बेताचं आणि आवाज सभागृहाच्या मापाचा दिला होता.

"ताई, कशी आहे गळती?"

"आहे. म्हणजे... भिंत ओली झालीये."

"जेवणाचं काय करताय?"

"करते काहीतरी."

"बादल्या हव्यात का?"

"नको रे बाबा. प्लंबरच मिळत नाहीये, नाहीतर एव्हाना झालं असतं सगळं."

हे शेवटचं वाक्य बोलून ताईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कारण ताई दर नव्या माणसाला त्याच्या पहिल्या सोमवारी दोन तास बसवून तीन नियम पाठ करून घेत. पहिला, कुणी स्वतःहून सांगेपर्यंत त्याच्या खासगी आयुष्याबद्दल विचारायचं नाही. दुसरा, दिसण्यावरून कोण काय आहे ते ठरवायचं नाही. तिसरा, आपलं माणूस अडचणीत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. ऑफिसला हे नियम इतके मुरले होते, की आगीची घंटा वाजली असती तरी लोक आधी 'तुम्हाला बाहेर पडायला आवडेल का' असं विचारून मग पळाले असते.

बुधवारी सकाळी अकरा वाजता दारावरची बेल वाजली. ताईंनी भोकातून पाहिलं. बाहेर अधीक्षकबाई दोन बादल्या घेऊन, आवाज पोछा घेऊन, आणि त्यांच्यामागे एक चाळिशीचा, झुपकेदार मिशांचा, आडव्या अंगाचा माणूस हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता.

"ताई, प्लंबर आणलाय!" जिन्यातल्या सगळ्या मजल्यांना आवाजाने कळवलं.

भीक नको पण कुत्रं आवर, असं ताईंना झालं. "आले, आले," म्हणत त्या आत धावल्या. आधी मास्तरीणबाईंचा चष्मा, स्वेटर, गोळ्यांचा डबा आणि पलंगाजवळचा वह्यांचा गठ्ठा असं सगळं एका खोक्यात कोंबलं आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखालच्या कपाटात दोन तांबे पाणी ओतलं. मग श्वास घेतला आणि दार उघडलं.

"बघा ना, काय अवस्था झालीये," ताई म्हणाल्या.

तिघांनी वाकून ते दोन तांबे पाणी पाहिलं. ते इतकं स्वच्छ होतं, की त्यात तिघांचेही चेहरे दिसत होते.

"बाप रे," अधीक्षकबाई गंभीरपणे म्हणाल्या. "फारच आहे."

"फारच," आवाज म्हणाला.

प्लंबर मांडी घालून कपाटापुढे बसला. पिशवीतून त्याने पाना काढला, उलटसुलट करून पाहिला आणि मांडीवर ठेवला. मग ताईंकडे पाहून हळुवारपणे विचारलं, "ही गळती तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवली?"

"अं... शुक्रवारी."

"हं. आणि त्या वेळी तुम्ही घरात एकट्याच होतात?"

"नळाशी त्याचा काय संबंध?"

"नाही, घाई नाही. तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा." एवढं बोलून तो शांत बसून राहिला. ताईंना त्याचं नवलच वाटलं. कारखान्यातले प्लंबर आल्या आल्या आधीच्या प्लंबरला शिव्या घालायचे, आणि हा माणूस नळाला हातही न लावता त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"अहो, बघा ना जरा आत," ताई शेवटी म्हणाल्या.

प्लंबरने अधीक्षकबाईंकडे पाहिलं. अधीक्षकबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग त्याने मनाचा हिय्या केला, कपाटात डोकं घातलं, समोर दिसलेल्या पहिल्या नटाला पाना लावला आणि सगळा जोर लावून फिरवला.

नट निघाला. त्याच्यामागे पाइप निघाला. आणि त्याच्यामागे, बावीस वर्षांत कधी लागली नव्हती अशी खरी गळती त्या घराला लागली. पाण्याची जाड धार थेट प्लंबरच्या मिशांवर आदळून स्वयंपाकघरभर उडू लागली. आवाजाने पोछा भोकावर दाबला, तर पाणी पोछ्यासकट बाहेर आलं. अधीक्षकबाई एक बादली भरेपर्यंत दुसरी उपडी होत होती. बघता बघता पाणी उंबरा ओलांडून निजायच्या खोलीकडे निघालं.

"मेन कॉक!" आवाज ओरडला. "ताई, मेन कॉक कुठाय?"

ताईंना माहीत नव्हतं. मेन कॉक, फ्यूज, गॅसची पावती, कुलपांच्या जादा किल्ल्या, घरातलं हे सगळं मास्तरीणबाईंचं खातं होतं. आणि त्या गोंधळात, त्या आरडाओरड्यात ताईंनी तेच केलं जे बावीस वर्षं करत आल्या होत्या. निजायच्या खोलीकडे मान वळवून त्यांनी हाक मारली, "अगं ए, मेन कॉक कुठे आहे गं?"

हाक मारून त्या उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. आवाज हातातला पोछा दाबायचा विसरला. अधीक्षकबाईंच्या हातात बादली तशीच राहिली. पाणी तेवढं वाहत होतं.

आतून उत्तर आलं नाही. ते येणार नाही हे ताईंना शुक्रवारपासून माहीत होतं, पण कळलं ते त्या क्षणी. त्या मटकन खाली, पाण्यातच बसल्या. मग एकदम त्यांना पलंगाखालचं खोकं आठवलं आणि "माझ्या वह्या!" असं ओरडत त्या रांगत आत गेल्या.

आवाज धावत गच्चीवर गेला आणि त्याने टाकीचाच कॉक बंद करून इमारतीतल्या सगळ्यांचं पाणी तोडलं, तेव्हा कुठे धार थांबली. तोवर खोक्याचा तळ भिजून फाटला होता. ताई ओल्या वह्या छातीशी धरून पलंगाला टेकून बसल्या होत्या. कुणी काही विचारलं नाही. नियमच होता तसा. अधीक्षकबाईंनी मुकाट्याने एकेक वही सोडवून घेतली, आवाजाने पंखा लावला, आणि दोघं वह्या उघडून पलंगावर पसरू लागले. पसरताना दोघांनीही तोंडं भिंतीकडे वळवली होती, अक्षरं दिसू नयेत म्हणून. त्यामुळे दोन वह्या उलट्या ठेवल्या गेल्या आणि एक पंख्याने उडून परत पाण्यात पडली.

प्लंबर मात्र ओल्या मिशा पुसत आला, वाकला आणि सरळ वाचायला लागला.

"हा तर हजेरीपट आहे," तो म्हणाला. "पण यात विद्यार्थिनी एकच?"

होता हजेरीपटच. शाळेतला जुना कोरा हजेरीपट मास्तरीणबाईंनी पहिल्या वर्षी गंमत म्हणून घरी आणला होता, आणि ताई रोज संध्याकाळी घरात आल्या की मास्तरीणबाई त्या तारखेपुढे 'ह' लिहायच्या. वर्षाला एक, असे बावीस हजेरीपट. पुढे शेऱ्याचा रकाना. 'उशिरा. कारण बैठक.' 'हजर, पण वर्गात लक्ष नाही.' 'रुसून हजर.' आणि ताई प्रशिक्षणासाठी परगावी जायच्या त्या दिवशी, 'गैरहजर. वर्ग भरला नाही.' शेवटच्या वहीत गुरुवारपर्यंत 'ह' होते. शुक्रवारची चौकट कोरी होती.

प्लंबरने ती चौकट पाहिली. मग तो ताईंच्या समोर ओल्या फरशीवर बसला आणि त्याने तो प्रश्न विचारला, जो अकरा वर्षांत त्या ऑफिसातल्या एकाही माणसाने विचारला नव्हता. "कोण होत्या या तुमच्या?"

ताईंच्या तोंडात सवयीने शब्द आला. "मावस..." म्हणून त्या थांबल्या. मग त्यांचा बांध फुटला. हॉस्पिटलात, अंत्यविधीला, घरी चार भिंतींत न आलेलं रडू आलं आणि ते नळासारखं कुठूनही बंद करता येण्यासारखं नव्हतं. रडता रडताच त्या बोलल्या. बावीस वर्षं, शाळा, मावसबहीण, काचेचं दार, 'जवळचं कुणी असेल तर बोलवा', सगळं. अधीक्षकबाई शेजारी पाण्यात बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"आणि तुम्हाला कुणाला यातलं काही माहीत नव्हतं," ताई शेवटी डोळे पुसत म्हणाल्या.

अधीक्षकबाईंनी आवाजाकडे पाहिलं. आवाजाने पंख्याकडे पाहिलं.

"ताई," अधीक्षकबाई चाचरत म्हणाल्या, "अकरा वर्षं रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तुम्हाला फोन यायचा, आणि तुम्ही म्हणायचात, 'हो गं, जेवले.' मावसबहिणीला कुणी रोज जेवल्याचं कळवतं का? आणि शनिवारी पेपरात चार ओळी आल्या. खाली पत्ता होता. त्या पत्त्यावर राहणारं माणूस आपल्या फायलीत एकच आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? गळती नाही हे माहीत होतं?"

"हो."

"मग बादल्या कशाला आणल्यात?"

"अहो, रिकाम्या हाती कसं येणार? तुम्ही सांगितलं नव्हतं ना. मग गळतीलाच यावं लागलं."

"आणि हा प्लंबर?"

"खरा प्लंबर आणला असता तर त्याने सांगितलं नसतं का, की इथे काही गळत नाही म्हणून?" आवाज शक्य तितक्या हळू म्हणाला. "हे आपले नवे समुपदेशक. सोमवारीच रुजू झालेत. शोकात असलेल्या माणसांबरोबर काम करतात. आम्हाला वाटलं, जरा... प्लंबरसारखे दिसतात."

"दिसण्यावरून ठरवलंत!" ताई म्हणाल्या. इतक्या रडण्यातही दुसरा नियम त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडला.

"चुकलं," आवाज म्हणाला.

"अरे, पण माहीत होतं तर अकरा वर्षांत एकाने तरी विचारायचं होतं रे मला! एकाने तरी!"

अधीक्षकबाई अगदी हळू म्हणाल्या, "पहिला नियम, ताई. तुम्हीच शिकवलात."

ताईंनी नव्या समुपदेशकाकडे पाहिलं. तो कावराबावरा झाला होता. "माझं प्रशिक्षण राहिलंय, मॅडम," तो म्हणाला. "सोमवारी तुम्ही रजेवर होतात. मी काही चुकीचं विचारलं का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "तुमच्या प्रशिक्षणाचं मी बघते काय करायचं ते."

दुपारी खरा प्लंबर आला. त्याने आधी कुणी हात लावला होता त्याचा यथेच्छ उद्धार केला, नव्या समुपदेशकाने तो मान खाली घालून ऐकला, आणि जाताना प्लंबरने ताईंना मेन कॉक दाखवला. तो न्हाणीघराच्या दारामागे होता. त्याच्या वर, मास्तरीणबाईंच्या खडूच्या अक्षरात, भिंतीवर बाण काढून लिहिलं होतं, 'इथे आहे. विसरशील.'

पुढच्या मंगळवारी ताई ऑफिसात आल्या. रजेचा फॉर्म लेखी भरून द्यायचा राहिला होता. त्यांनी तारखा लिहिल्या. मग त्यांचं पेन थांबलं. ज्या रकान्यासाठी त्या तीन बैठका भांडल्या होत्या, तो आता त्यांना हवा होता, आणि तो नव्हता. कुणाला लिहावं लागू नये म्हणून त्यांनी तो काढला होता; कुणाला कधी लिहावंसं वाटेल, हे तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी पर्समधून मास्तरीणबाईंची लाकडी पट्टी काढली, फॉर्मच्या तळाशी एक नेटकी चौकट आखली आणि वर लिहिलं, 'नातं'.

पण आत काय लिहायचं? त्यांनी दोन-तीन शब्द मनात घोळवले. ते सगळे त्यांच्याच प्रशिक्षणातले होते, आणि एकालाही घरचा वास नव्हता. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर अधीक्षकबाई फोनवर कुणालातरी सांगत होत्या, "आमचे हे ना, अगदी ऐकायचे नाहीत." अकरा वर्षं ताई हे दोन शब्द दिवसातून वीस वेळा ऐकत होत्या, आणि दर वेळी त्यांना अधीक्षकबाईंचा हेवा वाटायचा. ना नाव, ना स्पष्टीकरण. नुसतं 'आमचे हे', आणि सगळ्या जगाला कळतं कोण ते. ताईंनी चौकटीत लिहिलं, 'आमची ही', आणि फॉर्म अधीक्षकबाईंच्या ट्रेमध्ये टाकला.

पंधरा मिनिटांत फॉर्म परत आला. वर टाचणीने चिठ्ठी लावली होती. 'छापील फॉर्ममध्ये परस्पर रकाना वाढवता येत नाही. त्यासाठी समावेश आणि कार्यसंस्कृती प्रमुखांची लेखी मंजुरी जोडावी.'

ताईंनी रागाने वर पाहिलं. पलीकडे अधीक्षकबाई फायलीत नाक खुपसून बसल्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते इथून कळत नव्हतं. ताईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग त्याच चिठ्ठीवर 'मंजूर' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि फॉर्म घेऊन स्वतः अधीक्षकबाईंच्या टेबलाशी गेल्या.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईंचा हात सवयीने फोनकडे गेला आणि तसाच राहिला.

अधीक्षकबाईंनी ते पाहिलं. त्यांनी मंजुरी बघून फॉर्म फायलीला लावला, शेजारची खुर्ची ओढली आणि आपला डबा टेबलावर ठेवला. "बसा," त्या म्हणाल्या. "जेवून घेऊ. आणि मला सांगा, तुमची ही कशी होती?"

ताई बसल्या. साडेतीन वाजले तेव्हा दोघींचेही डबे उघडायचे राहिले होते.